तोरमोदच्या घरातलं सहावं माणूस

१

“आधी माणसं मोज पोरी, मग नावं वाच.”

जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचं काम ऑयरिक ज्यांच्या हाताखाली शिकली, ते मॅकरिची साहेब जाऊन तीस वर्षं झाली होती. ती स्वतः निवृत्त होऊनही आठ वर्षं लोटली होती. तरी जुना कागद समोर आला की त्यांचा तो खरखरीत आवाज कानाशी यायचाच. ओळखीचं नाव दिसलं की डोळे तिथेच बसकण मारतात, पुढे सरकत नाहीत, असं ते म्हणत.

त्या गुरुवारी सकाळी तिचं स्तोत्र वाचून झालं होतं, पुस्तक मिटून ती चहाचं आधण ठेवत होती, तोच मर्डिना दारात आली. मर्डिना म्हणजे हॅलस्टा गावचं पोस्ट ऑफिस, आणि गावच्या इतिहास मंडळाची चिटणीसही तीच. तिने पाकिटातून चार टाइप केलेले कागद काढून टेबलावर ठेवले, आणि तिसऱ्या कागदावर बोट टेकवलं.

“बघ हे. कुणी केलं असेल सांग.”

कागदाच्या मधोमध खिडकी होती. एक ओळ कापून काढलेली.

कुठली ओळ ते ऑयरिकला विचारावं लागलं नाही. १८४३ साली जमीनमालकाने खाडीपलीकडचं जुनं हॅलस्टा उठवलं, एकवीस घरं रिकामी केली आणि बहुतेक माणसं जहाजात घालून कॅनडाला धाडली. उठवलेल्या सगळ्यांची नावं कोरलेला दगड चर्चच्या रस्त्याला उभा राहणार होता. सोमवारी सकाळी आठला पाथरवट येऊन कोरायला बसणार होता. त्यासाठीची ही यादी. तोरमोद मॅकलाउडच्या घरात तो, त्याची बायको, तीन मुलगे आणि सहावी मुलगी, गोरमल. कापलेली ओळ तिची होती.

“पेगीमावशीला कळलं?”

“अजून नाही. कळलं तर म्हातारी हाय खाईल,” मर्डिना म्हणाली. “तीन वर्षं मंडळाच्या मागे लागली होती. ह्या एका नावासाठी श्वास धरून बसलीय गं ती.”

पेगी एक्याण्णव वर्षांची. गोरमल तिची आजी. घरच्यांचं जहाज सुटलं तेव्हा गोवर निघाला म्हणून गोरमल मावशीकडे मागे राहिली आणि कायमची राहिली, हे पेगीने आजीच्याच तोंडून ऐकलेलं. पण १८४१ च्या खानेसुमारीत तोरमोदच्या घरात मुलगीच नव्हती. होती ती पाच माणसं. तेव्हा गोरमल कुणाची कोण, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून तोरमोदची लेक म्हणवून घेतलेली कुणी उपरी, अशी कुजबुज गावात चार पिढ्या चालू होती. शाळेत पोरं पेगीला ‘कुणाचीच नाही’ म्हणून चिडवत. मंडळाने शेवटी एका मताच्या फरकाने नाव यादीत घेतलं होतं.

“यादी कुणाकुणाकडे गेली होती?”

“सोमवारी कॅप्टनकडे. मंगळवारी फिनली मास्तरकडे. बुधवारी दुपारी मास्तरने पेगीला सगळी वाचून दाखवली आणि तिच्याकडेच ठेवली. आज सकाळी मी उचलली.” मर्डिनाने आवाज खाली आणला. “काल संध्याकाळी कॅप्टन तिच्याकडे जळणाचं पीट टाकायला गेला होता. चुलीपाशी यादी होती. म्हातारीला धड दिसत नाही. आणि मतदानात विरुद्ध हात कुणाचा होता, ते तुला ठाऊक आहे.”

ऑयरिकने कागद उजेडात धरला. कापताना वरच्या ओळीलाही कात्री लागली होती. तोरमोदच्या धाकट्या मुलाच्या नावाचे पाय उडाले होते. आणि खिडकीच्या डाव्या अंगाला, समासात, दोन बारीक भोकं होती.

“हे तू यादी देताना होतं?”

मर्डिनाने वाकून पाहिलं. तिचा चेहरा एकदम बंद झाला.

“म्हणजे तू मलाच विचारतेस.”

“सगळ्यांनाच विचारणार आहे, बाई.”

२

कॅप्टन कोनाख शुक्रवारी सकाळी घरामागे पीटची, जळणाच्या वाळलेल्या मातीच्या ढेकळांची, रास लावत होता. चाळीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस, रासही अशी रचायचा की वादळात एक ढेकूळ हलू नये.

“ये. माझी जबानी घ्यायला आलीस ना? मर्डिनाने फाशीची दोरीही दिली असेल तुझ्याबरोबर.”

“चहा दिलात तर आधी चहा घेईन.”

“चहा मिळेल. कबुली मिळणार नाही.” त्याने हात झटकले. “हे बघ ऑयरिक, मला ते नाव नकोच होतं. मी तोंडावर सांगितलं, पेगीच्याही तोंडावर. पण मी खोडलं असतं तर सगळ्यांदेखत लाल शाईने खोडलं असतं, आणि बाजूला सही ठोकली असती. चोरून कातरायला मी काय शिंपी आहे?”

हे ऑयरिकला पटण्याजोगं वाटलं. म्हणूनच ती सावध झाली. पटण्याजोगं बोलणारी माणसं तिने नोंदणीच्या टेबलापलीकडे पुष्कळ पाहिली होती.

“नाव का नको होतं?”

“कारण ती खानेसुमारी माझ्या पणजोबांनी केली.” कॅप्टन ताठ झाला. “चर्चच्या पंचांपैकी माणूस. रविवारी रात्री कोण कुठल्या घरात झोपलं ते लिहायचं होतं. तर रविवारी काम करून शब्बाथ मोडायला नको म्हणून सोमवारी पहाटे निघाले आणि एकवीस घरं एका दिवसात पुरी केली. जे दिसलं ते लिहिलं. पेगीची आजी खरी धरायची, तर माझे पणजोबा खोटे. मला सांग, दगडावर कुणाला खोटं पाडायचं?”

“त्या दिवसाबद्दल घरात आणखी काही सांगत?”

कॅप्टन हसला. “सांगायचे की. पहाटे स्वतः लापशी रांधली आणि सगळी तळाला लावली. करपलेली लापशी खाऊन राणीचं काम करायला गेले. आमच्याकडे कुणाची लापशी लागली की अजून म्हणतात, खानेसुमारीला निघालास वाटतं.”

“त्यांना का रांधावी लागली?”

“घरात बाई नव्हती म्हणून.”

“कुठे गेली होती?”

“दीडशे वर्षांपूर्वी माझी पणजी कुठे गेली होती ते मला विचारतेस?” तो पुन्हा राशीकडे वळला. “साखर किती?”

चहा पिताना तिने कॅप्टनच्या दिवाणखान्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे टाचण्यांचा डबा उघडा पडला होता.

३

फिनली मास्तर शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत फळा पुसत होता. चाळिशीचा, भिडस्त, कागदांवर जीव असलेला. खानेसुमारीची छायाप्रत त्यानेच मिळवली होती. मंडळातला प्रत्येकजण ती घरी नेऊन वाचून आला होता.

“मी का कापेन? मीच तर सांगितलं होतं, नाव घालूया, आणि तारांकन देऊन खाली लिहूया की कागदात आढळत नाही,” तो म्हणाला.

“पेगीमावशीलाही असंच सांगितलंस?”

मास्तर घुटमळला. “तिने विचारलं, कागदात काय आहे ते खरं सांग. मग मी तोरमोदचं घर वाचून दाखवलं. पाच नावं. तिने तीनदा वाचायला लावलं. मग यादीत गोरमलची ओळ कुठे आहे ते विचारलं. मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.”

“मग?”

“मग काही नाही. म्हणाली, आता जा, तुझ्या पोरांची शाळा भरेल.”

“तू सगळी पानं आणलीस ना रे खानेसुमारीची?”

“सगळी. म्हणजे, शेवटचं सोडून. त्यावर नावच नव्हतं एकही. नुसते आकडे.”

ऑयरिकने त्याच्याकडची छायाप्रत पिशवीत घातली. “शाळा सुटल्यावर चारची बस आहे. स्टॉर्नोवेच्या वाचनालयात जाऊन ते पान उतरवून आणशील?”

“नाव नाही म्हणतोय ना त्यावर, ऑयरिकबाई.”

“म्हणूनच.”

घरी येऊन तिने छायाप्रत पसरली. ह्या पानांत आपलं आजोळ तिनेही शोधलं होतं, सापडल्यावर सुखावली होती आणि पान उलटलं होतं. मंडळातल्या सगळ्यांनी तेच केलं असणार. आपापलं घर वाचलं असणार. संबंध गाव कुणीच वाचलं नव्हतं.

आता तिने नावांवर कोरा कागद धरला. फक्त वयं आणि पुरुष की बाई एवढंच दिसेल असा. आणि पेन्सिलने रेघा ओढत मोजायला लागली.

एकवीस घरं. माणसं एकशे दोन. आठ ते वीस वयाचे मुलगे, बत्तीस.

त्याच वयाच्या मुली, एक.

तिने पुन्हा मोजलं. एकच. त्या एकीचं नाव तिने कागद सरकवून वाचलं. आना, वय बारा, आणि त्यापुढे कुणी विचारलं नसताना खानेसुमारीवाल्याने भाबडेपणाने लिहिलेला एक शब्द: पांगळी.

बाहेर अजून उजेड होता. चुलीवरचे मासे थंड होऊन गेले होते. एका घरात मुलगी नसेल तर त्या घरात काही लपवलंय असं म्हणता येतं. पण अख्ख्या गावात धड पायांची एकही पोर नाही, ह्याला काय म्हणायचं?

४

शनिवारी सकाळी शाळेच्या वर्गात चौघं जमली. लहान मुलांच्या बाकांवर बसून कॅप्टनचे गुडघे हनुवटीला लागत होते. मर्डिना त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

“तू आधी सांग, कुणी कापलं,” ती म्हणाली.

“ते नंतर. कॅप्टन, तुमची मारेद आत्या-आजी होती ना? पणजोबांची थोरली लेक?”

“होती म्हणजे? चर्चच्या भिंतीपाशी पुरलीय. तिच्या हातचं विणलेलं घोंगडं माझ्याकडे आहे.”

“१८४१ साली किती वर्षांची?”

“चौदाची असेल.”

ऑयरिकने छायाप्रत त्याच्यापुढे सरकवली. “ह्यात दाखवा. तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं घर लिहिलंय. शेवटून दुसरं.”

कॅप्टनने चष्मा लावला. वाचलं. पान उलटून मागे पाहिलं, जणू मारेद मागच्या बाजूला जाऊन बसली असावी.

“हे काय? ते आणि तीन मुलगे. बायकोही नाही, मारेदही नाही.”

“म्हणजे तुझी आत्या-आजी पण उपरीच की,” मर्डिना भिंतीकडे बघत म्हणाली.

“मर्डिना,” ऑयरिक हळूच म्हणाली, आणि कॅप्टनकडे वळली.

“गणतीची तारीख ६ जून. त्या दिवसांत गावात गुरं असायची का, कॅप्टन?”

“जूनमध्ये? गावात कशाला असतील? पिकात तोंड घालतील. सगळी माळावर, उन्हाळी खोपट्यांत...” त्याने चष्मा काढला. “माझी आईसुद्धा जायची. मे लागला की पोरी गुरं घेऊन वर जायच्या. दूध, लोणी, सगळं तिकडेच. पुरुष खाली, बायका वर. म्हणून लापशी करपली म्हाताऱ्याची.”

“आणि रविवारी कुणी चालत खाली येणार नव्हतं. शब्बाथ होता.”

“सोमवारी त्यांनी वर जायला हवं होतं,” फिनली म्हणाला.

“सहा मैल चिखल. एकवीस घरं फिरून झाल्यावर. नाही गेले. पण खोटंही नाही लिहिलं. आणलंस ना पान?”

फिनलीने घडी उलगडली. काल बसमध्ये त्याने ते किती वेळा वाचलं असेल ते त्या घडीवरूनच कळत होतं. त्यावर एवढंच होतं: घरात न झोपता माळावरच्या खोपट्यांत झोपलेले, पुरुष एकही नाही, बायका एकोणीस. खाली कॅप्टनच्या पणजोबांची सही.

“एकोणीस. मी बघितलं होतं आणि सोडून दिलं,” फिनली म्हणाला.

“तोरमोदच्या मुलांची वयं बघा,” ऑयरिक म्हणाली. “तेरा, अकरा, सात. मधे चार वर्षांची जागा. गोरमलच्या मृत्यूची नोंद माझ्या कचेरीत आहे, त्या हिशेबाने ती तेव्हा नऊची. ह्याने ती त्यांचीच हे सिद्ध होत नाही. त्या जागी एखादं मूल जाऊनही असेल. पण गोरमलच्या विरुद्ध एकच साक्ष होती, ह्या कागदाची. आता कागद म्हणतोय, मी माळावर गेलोच नाही. मग उरली कोण? ती स्वतः. आणि ती मरेपर्यंत एकच सांगत होती.”

कॅप्टनने खाकरून घसा साफ केला. “म्हणजे पणजोबा खोटे नव्हते.”

“नव्हते. दमले होते.”

मर्डिनाला हसू आवरलं नाही, आणि पहिल्यांदाच ती कॅप्टनकडे वळून बसली. मग तिला आठवलं.

“पण मग कापलं कुणी?”

ऑयरिकने कोट चढवला. “ज्याने कापलं त्याच्या हातात पेन ठरत नाही, म्हणून खोडलं नाही. त्याला डोळ्यांनी धड दिसत नाही, म्हणून वरची ओळ कापली गेली. आणि ओळ हरवू नये म्हणून त्याने ती कुणाकडून तरी बोटाखाली लावून घेतली आणि लगेच टाचणीने टोचून ठेवली.”

फिनली मास्तर उभा राहिला. त्याचं बोट नकळत मुठीत मिटलं.

“तुम्ही इथेच थांबा,” ती म्हणाली. “मी एकटी जाते.”

५

पेगी खिडकीशी बसली होती. विणकाम मांडीवर, हात थांबलेले. सांध्यांनी बोटं वाकडी झालेली, तरी सुया सुटल्या नव्हत्या.

“पावलं ऑयरिकची आहेत. बस. कालचे भाजलेले स्कोन आहेत, लोण्याशिवाय उतरणार नाहीत.”

ऑयरिकने लोणी लावून एक तिला दिला, एक स्वतः घेतला. अर्धा संपल्यावर म्हणाली, “मावशी, कात्री चालवताना हात दुखला नाही?”

पेगीने घास गिळला.

“दुखला,” ती म्हणाली. “दोनदा थांबले.”

मग तिने बाजूच्या पुस्तकाकडे हात नेला, चाचपत पानं उलटली आणि एक कागदाची पट्टी काढून ऑयरिकच्या हातात दिली. फेकून द्यायला मन झालं नव्हतं.

“मास्तर बरा मुलगा आहे. खरं वाचून दाखवलं त्याने. तोपर्यंत मी म्हणायचे, लोक जळतात, लोक बोलतात. कागद काय म्हणतो ते मला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. तीनदा वाचला त्याने. तिन्ही वेळा पाचच.” ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती. “मला वाटलं, आजी खोटं बोलली माझ्याशी. पोटासाठी बोलली असेल. मी तिला बोल लावत नाही. पण खोटी साक्ष दगडात, तीही चर्चच्या वाटेवर? मी रोज सकाळ-संध्याकाळ देवापुढे गुडघे टेकते, ऑयरिक. आता थोड्या दिवसांत समोरासमोर उभी राहीन. तेव्हा हे माझ्या नावावर नको होतं.”

“मग मंडळाला सांगायचं होतं, नाव काढा म्हणून.”

“कॅप्टनसमोर?” पेगी म्हणाली. “तेवढी मी पवित्र नाही गं.”

ऑयरिकने खुर्ची जवळ ओढली आणि तिला सगळं सांगितलं. मोजणी, पांगळी आना, करपलेली लापशी, शेवटचं पान. सावकाश, एकेक ओळ, मधे न थांबता.

पेगीची वाकडी बोटं मांडीवर काहीतरी घुसळत असल्यासारखी हलत होती.

“लोणी काढताना आजी गाणी म्हणायची,” ती म्हणाली. “प्रत्येक खोपट्याचं नाव यायचं त्यात. मी विचारायचे, तुला एवढी खोपटी कशी ठाऊक. तर म्हणायची, तिथेच तर होते मी.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “आणि मी तिला कातरून टाकलं.”

“पट्टी इथे आहे, मावशी. मर्डिना यादी नव्याने टाइप करणार आहे.”

“कॅप्टनवर आळ आला का?”

“आला थोडा.”

“मग त्याला माझ्याकडे पाठव. मीच सांगते त्याला. पीट घेऊन ये म्हणावं, म्हणजे रिकाम्या हाताने येऊन अवघडणार नाही.” आणि मग, जराशाने, “बाकीच्या अठरा कोण होत्या?”

“नावं नाहीत त्यांची. कॅप्टनची पणजी आणि मारेद, एवढं कळलं. उरलेल्या सोळा कोण ते कुणीच शोधलं नाही.”

“त्यासुद्धा जहाजात बसल्या?”

“बहुतेक सगळ्या.”

“मग एकट्या गोरमलचं नाव कसं कोरायचं?” पेगीचा आवाज कठीण झाला. “मी ओरडणारी होते म्हणून माझ्या आजीचं नाव येणार, आणि ज्यांचं कुणी ओरडायला उरलं नाही त्या माळावरच राहणार? नाही. सगळ्यांची येऊ देत. नाहीतर तिचंही नको.”

“मावशी, दहा वर्षांनंतरची खानेसुमारी आहे, काही जणी तिच्यात सापडतील. कॅनडाची पत्रं असतील कुणाच्या पेट्यांत. म्हाताऱ्यांना गाणी आठवत असतील. पण वेळ लागेल. उन्हाळा जाईल.”

“मी थांबते उन्हाळाभर,” पेगी म्हणाली. “देवाची इच्छा असली तर. तू शोधशील का ते सांग.”

ऑयरिक हलक्या शब्दाने वचन देणारी नव्हती. तिने पट्टी हातात धरून थोडा विचार केला.

“सोमवारी दगडाला छिन्नी लागायच्या आत जागा राखून ठेवते,” ती म्हणाली. “आणि नावं आणते. त्याची इच्छा असली तर.”

६

रविवार आला आणि गेला. फोन नाही, चूल नाही, कागद नाही. चर्चमध्ये पेगीशेजारी कॅप्टन बसला होता. शनिवारी संध्याकाळी तिच्या दाराशी पीटची नवी रास लागली होती, ढेकूळ हलणार नाही अशी.

सोमवारी ऑयरिकने स्तोत्र वाचलं, भांडी विसळून पालथी घातली आणि पावसाळी बूट चढवले. चर्चच्या वाटेवर पाथरवटाची गाडी येऊन उभी होती. तो ताडपत्री सोडत होता. तिने त्याला दगडाची खालची बाजू दाखवली आणि हाताने अंतर सांगितलं.

“एवढी जागा कोरी ठेवायची. गोरमलसकट एकोणीस ओळींची.”

“यादीत नाहीत बाई त्या,” तो कागद चाळत म्हणाला. “नावं कुठे आहेत?”

“आणायलाच चाललेय,” ती म्हणाली, आणि वही काखेत मारून गावाच्या टोकाच्या पहिल्या घराकडे चढणीला लागली.